काढलेला तुकडा कुठे गेला?



नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नुकतीच कामाला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी होते. आमच्याच वस्तीतली पंचेचाळिशीची एक बाई तिथे आली. अंगावरून खूप जात होतं. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. नवऱ्याने उसनवारी करून पैसे भरले. ऑपरेशन झालं. काढलेली पिशवी मीच ट्रेमध्ये घेऊन बाहेर आले आणि नातेवाइकांना दाखवली. त्यांनी माना डोलावल्या. मग मी आत गेले आणि ती कचऱ्याच्या बादलीत टाकली. मला तसंच सांगितलं होतं. तपासणीचे काहीशे रुपये वाचले, म्हणून घरचेही खूश होते.

दीड वर्षाने तीच बाई पोट फुगून, हाडं निघालेल्या अवस्थेत परत आली. मी तिच्यासोबत सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "पिशवी काढली तेव्हाचा बायोप्सी रिपोर्ट कुठे आहे?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती बाई वाचली नाही. पिशवी तपासली असती तर ती नक्की वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण तिच्या पोटात काय होतं ते दीड वर्ष आधी कळण्याची एक संधी होती, आणि ती माझ्या हाताने बादलीत गेली. त्या दिवसापासून मी प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाला एकच प्रश्न विचारते: काढलेला तुकडा कुठे गेला?

आज हा लेख लिहिण्याचं कारणही तेच. माझं मत सरळ आहे. शरीरातून काढलेली गाठ, पिशवी, तुकडा तपासल्याशिवाय फेकला जाऊ नये. तपासणीचा कागद रुग्णाच्या हातात यावा. आणि डॉक्टरांनी "तुकडा घ्यावा लागेल" म्हटलं, की आपण घाबरून पळू नये.

तुकडा काय सांगतो?

रक्त, एक्सरे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन या तपासण्या बहुतेक वेळा एवढंच सांगतात की इथे काहीतरी आहे. ते काय आहे, हे तुकडा सांगतो. मानेतली गाठ टीबीची असू शकते, कर्करोगाची असू शकते, साध्या इन्फेक्शनचीही असू शकते. हाताला तिन्ही सारख्याच लागतात. औषधं मात्र तिन्हींची वेगळी. अंदाजाने औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

तुकडा घेण्याचे प्रकार आहेत. बारीक सुईने गाठीतून थोड्या पेशी ओढतात, त्याला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनएवढंच दुखतं. जरा जाड सुईने गाठीचा सळईसारखा बारीक तुकडा काढतात, ती कोअर बायोप्सी. स्तनातल्या गाठीसाठी ती जास्त करतात. तोंडातल्या जखमेच्या कडेचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा, जागा बधिर करून, काही मिनिटांत काढतात. गाठ लहान असेल तर कधी ती पूर्णच काढून पाठवतात.

पुढे काय होतं ते आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून "रिपोर्टला आठ दिवस कशाला?" असा राग येतो. तुकडा आधी फॉर्मालिन नावाच्या द्रवात ठेवतात, नाहीतर तो सडतो. फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढून तो मेणात बसवतात. मेणाच्या त्या वडीला ब्लॉक म्हणतात. त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपला केस त्याहून पंधरापट जाड असतो. काप काचेवर चिकटवून त्याला दोन रंग देतात. पेशीचं केंद्र निळं-जांभळं दिसतं आणि बाकीची पेशी गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: पेशी ओळीत आहेत की ओळ मोडून शेजारच्या घरात घुसल्या आहेत? केंद्रं सारखी आहेत की वेडीवाकडी? एवढ्या कामाला चार-आठ दिवस लागतातच. हाडाचा तुकडा असेल तर आणखी जास्त.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. टीबीची शंका असेल तर दोन बाटल्या लागतात. एकीत फॉर्मालिन आणि दुसरीत साधं सलाईन. फॉर्मालिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग ते वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते पाहता येत नाही. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला की ही तपासणी हुकली. उलट कर्करोगाच्या तपासणीचा तुकडा नुसत्या सलाईनमध्ये दिवसभर राहिला तर तो खराब होतो. बाटली बहुतेक वेळा नातेवाइकाच्याच हातात देतात. म्हणून निघण्याआधी विचारा, "सिस्टर, यात काय टाकलं? कुठे न्यायची? किती वेळात?" बाटलीवर नाव, वय, शरीराची जागा, उजवं की डावं, हे लिहिलंय का ते स्वतः वाचा. मी नर्स आहे म्हणूनच सांगते, गर्दीत चूक होते.

"सुई लावली की पसरते"

वस्तीत फिरताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. इंदोऱ्यात ऐकलं, रामबागेत ऐकलं, इमामवाड्यात ऐकलं. एक आजी तर माझा हात धरून म्हणाली, "बाई, आमच्या शेजारच्याले सुई लावली अन् तीन महिन्यात गेला बिचारा. मले नाही लावू द्यायची."

आजी खोटं बोलत नव्हती. शेजारचा खरंच गेला होता. पण तो सुईकडे आला कधी? गाठ झाल्यावर आधी लेप लावला, मग कोणाची तरी पुडी खाल्ली, मग मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणल्या. वर्ष गेलं. दुखणं सहन होईना तेव्हा दवाखाना आठवला. सुई शेवटी आली म्हणून सुईवर आळ आला. आजार पसरवला तो त्या वर्षाने.

काही मोजक्या आजारांत सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका असतो, हे खरं आहे. डॉक्टरांना ते माहीत असतं. अंडकोषाच्या गाठीत ते सहसा सुई टाकत नाहीत, थेट ऑपरेशन करतात. काही ठिकाणी सुईची वाट आधी ठरवून ठेवतात. पण तोंडातली जखम, स्तनातली गाठ, गर्भपिशवीचं तोंड, मानेची गाठ यांत तपासणी टाळण्याचा धोका हा तपासणीच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. ऐकलं म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे आपण विहारात दर रविवारी ऐकतो. मग स्वतःच्या गाठीबद्दलच आपण ऐकीव गोष्टीवर का विसंबतो?

खर्रा आणि आपलं नागपूर

नागपूरकराला खर्रा काय ते सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. पानठेल्यावरचा खर्रा मात्र गेला नाही.

आपल्या शासकीय दंत महाविद्यालयात डॉ. विनय हजारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंड आखडण्याच्या आजाराच्या १००० रुग्णांचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली कातडी पांढरी, कडक दोरीसारखी होते. तिखट सहन होत नाही. हळूहळू तोंड उघडेनासं होतं. त्या अभ्यासात एका बाईमागे जवळपास पाच पुरुष होते आणि पुरुषांना हा आजार तिशीच्या आतच जास्त दिसला. पुरुषांमध्ये खर्रा आणि गुटखा, तर बायांमध्ये नुसती सुपारी जास्त दिसली.

हे शेवटचं वाक्य आयाबहिणींनी पुन्हा वाचावं. "मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी खाते," असं आपण सहज म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगून ठेवलंय की तंबाखू नसली तरी नुसती सुपारी माणसाला कर्करोग करते.

आखडलेल्या तोंडात पुढे कर्करोग होऊ शकतो. तो झालाय की होऊ घातलाय, हे डोळ्यांनी पक्कं सांगता येत नाही. तिथे तुकडाच लागतो. रिपोर्टमध्ये "डिस्प्लेशिया" शब्द आला तर समजा की पेशी बिघडायला लागल्या आहेत, पण अजून मर्यादा ओलांडलेली नाही. थांबवायची वेळ तीच. घरच्या घरी तपासा: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर दंत महाविद्यालय गाठा. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तरी तेच करा.

लुगड्याची गाठ

पॅथॉलॉजीचं संशोधन म्हणजे बंद खोलीतलं काम वाटतं. पण ते आपल्या अंगावरच्या कपड्यापर्यंत येऊन पोहोचतं. मुंबईचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक मानले जातात. त्यांनी आणि सूर्याबाई या सहकारी संशोधिकेने १९४५ मध्ये एक निबंध छापला. घट्ट धोतराने कंबरेवर होणारा कर्करोग, ओठाच्या आत खैनी धरल्याने होणारा कर्करोग आणि चिरूट उलटा, पेटतं टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा कर्करोग, असे तीन प्रकार त्यांनी दाखवले. काचेवरची पेशी पाहून ते थांबले नाहीत. हा माणूस काय नेसतो, काय चघळतो, कसा जगतो, हे त्यांनी विचारलं.

आता २०२४ मधली गोष्ट. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायांची हकीकत छापली. दोघींच्या कंबरेवर जखम होती. एकीची दीड वर्ष भरत नव्हती, दुसरीची दोन वर्षं. एक नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट बांधायची. दुसरी चाळीस वर्षं लुगडं कंबरेला आवळून नेसत आलेली. कातडी घासली, काळी पडली, सोलली, भरली, पुन्हा सोलली. तुकडा तपासला तेव्हा दोघींच्या जखमेत कर्करोग निघाला. दुसरीच्या तर तो जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

आपल्या घरोघरी अशा आज्या आहेत. कंबरेवरचा काळा पट्टा त्यांना दागिन्यासारखा वाटतो. आज अंघोळीच्या वेळी तो बघा. नाडी सैल करा, रुंद पट्टी लावा, कातडीला तेल लावा. आणि तिथली जखम महिनाभरात भरली नाही तर मलमावर मलम न लावता तुकडा तपासा.

रिपोर्टही चुकू शकतो

बायोप्सी म्हणजे देववाणी नव्हे, हेही सांगायला हवं. १८८७ मध्ये जर्मनीच्या युवराज फ्रेडरिकच्या घशात गाठ आली. तुकडा तपासला तो रुडॉल्फ फिर्खो यांनी, म्हणजे आधुनिक पॅथॉलॉजीच्या जनकाने. त्यांना कर्करोग दिसला नाही. मोठं ऑपरेशन टळलं. १८८८ मध्ये युवराज सम्राट झाला आणि ९९ दिवसांत घशाच्या कर्करोगानेच वारला. पाहणारा जगातला पहिल्या नंबरचा होता, पण त्याच्या हातात आलेला तुकडा तेवढाच होता.

यातून आपण काय घ्यायचं? रिपोर्टवर "अपुरा नमुना" किंवा "निष्कर्ष निघत नाही" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "काही नाही" असा होत नाही. पुन्हा तुकडा द्यावा लागतो. रिपोर्ट चांगला आला पण गाठ वाढतच राहिली, तर परत जा. "ग्रेड" म्हणजे पेशी किती बिघडल्या आणि "स्टेज" म्हणजे आजार किती पसरला. ग्रेड तीन वाचून "तिसऱ्या स्टेजचा आहे" म्हणत रडणारी घरं मी पाहिली आहेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या पुढच्या तपासण्या त्याच ब्लॉकवर करतात. कोणत्या बाईला हार्मोनची गोळी लागू पडेल हे त्यावरून ठरतं. म्हणून "आता आणखी तपासणी कशाला?" असं म्हणू नका.

याच फिर्खोंना १८४८ मध्ये टायफसची साथ पाहायला सरकारने सायलेशियात पाठवलं होतं. त्यांनी रिपोर्टमध्ये औषधांची यादी दिली नाही. या लोकांना लोकशाही द्या, शिक्षण द्या, पोटभर मिळकत द्या, असं लिहिलं. पेशी बघणाऱ्या माणसाला वस्तीही दिसली होती. आमच्या दवाखान्यांमध्ये ही नजर अजून यायची आहे.

आपला हक्क, आपलं काम

सगळा दोष वस्तीच्या भीतीवर टाकायला मी तयार नाही. मोलकरीण बाईला तुकडा देण्यासाठी एक दिवस, रिपोर्टसाठी दुसरा आणि डॉक्टरांना दाखवायला तिसरा दिवस मोडावा लागतो. खिडकीवरचा माणूस "उद्या ये" म्हणतो, तेव्हा तिची दिवसाची मजुरी जाते. तिसऱ्या खेपेला ती येत नाही आणि रिपोर्ट कपाटात पडून राहतो. त्या कागदावर कर्करोग लिहिलेला असतो आणि बाई घरी हळद लावत बसलेली असते. रिपोर्ट गंभीर असेल तर रुग्णालयाने स्वतः फोन करून बोलवावं, ही माझी पहिली मागणी. आणि तो मराठीत समजावून सांगावा, ही दुसरी.

हक्काच्या तीन गोष्टी तोंडपाठ करा. एक, आपल्या उपचाराची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. दोन, रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. नुसत्या टेक्निशियनची सही चालत नाही. तीन, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर स्लाइड आणि ब्लॉक मागून घेता येतात. तुकडा पुन्हा कापावा लागत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, शेक यांचा खर्च बसतो. पण त्या योजनेचं दारही बायोप्सीच्या कागदानेच उघडतं. आजार सिद्ध करणारा रिपोर्ट नसेल तर आरोग्यमित्र तरी काय पाठवणार? म्हणजे तुकडा टाळणारा माणूस निदान टाळतो आणि फुकटचा उपचारही टाळतो.

आपल्या वस्तीने काय करावं? प्रत्येक महिला मंडळाने दोन बाया अशा ठरवाव्यात, ज्या तुकडा द्यायला जाणाऱ्या बाईसोबत जातील आणि रिपोर्टची तारीख वहीत लिहून ठेवतील. घरात प्रत्येकाची एक फाईल असावी. ऑपरेशन कुठेही होवो, सही करण्याआधी विचारावं, "काढलेलं तपासायला पाठवणार ना? रिपोर्ट कधी मिळेल?" रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती तुकडा घेण्याआधीच डॉक्टरांना सांगावी. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

तेव्हा मी नवीन होते, नोकरीची भीती होती. मी तो प्रश्न विचारला नाही. ट्रे हातात होता, बादली समोर होती. मधल्या दहा पावलांत कोणीतरी, बाहेर बसलेल्या नवऱ्याने, भावाने, सुनेने मला अडवून विचारलं असतं, "सिस्टर, हे कुठे नेऊन राहिल्या?" तर मी थांबले असते.

तुम्ही विचारा.